बिनजखमेचे चौदा दिवस

१२ मार्च, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही. विचारलं की "ठणठणीत" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. म्हणून पत्र.

इकडे लॅबमध्ये रोज पन्नास-साठ जणांचं रक्त काढते. अनोळखी माणसं निमूट हात पुढे करतात. सख्खा भाऊ मात्र वर्षभर झुलवतोय.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोलेस्टेरॉल ठीक आहे, पण वडील हृदयविकाराने गेलेत, तेव्हा शरीरातली सूज दाखवणारी सीआरपीची तपासणी करून घ्या. एक नळी रक्त, बस. माझंच चुकलं. जखम किंवा सर्दी असली की आकडा उगाच वाढतो, दोन आठवडे थांबावं लागतं, हे मी तुला सांगून बसले. झालं! मेमध्ये अंगठा कापला, जुलैमध्ये तळहातात पटाशी घुसली, जानेवारीत नखाखाली लाकडाचं कुसळ, आणि मधले दिवस काही ना काही ओरखडे होतेच. वर हसून म्हणतोस, "सुताराचा हात कधी कोरा असतो का गं?" मला हसू येत नाही, दादा. संताप येतो. पुढच्या महिन्यात तुला बावन्न पूर्ण होतील. बाबा बावन्नचेच होते.

मागच्या भेटीत तू वहिनीसमोर म्हणालास, "तुमच्या रिपोर्टांचं कौतुक नको सांगूस. बाबांचा रिपोर्ट चांगलाच होता." मी चहा न पिता निघाले. तुला वाटलं, रुसले.

तो रिपोर्ट बाबांना मी वाचून दाखवला होता. नोकरीचं पहिलं वर्ष, मिजास केवढी! बाबा म्हणाले, "अगं, पण जिना चढताना जबडा दुखतो." मी कागदावरून नजरसुद्धा उचलली नाही. म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे, बाबा. दाढ असेल." ते मान डोलावून कामाला गेले. चौथ्या दिवशी रंध्याशेजारी पडलेले सापडले. अठरा वर्षं हे मी कुणाजवळ बोलले नाही. आईजवळसुद्धा नाही.

या तपासणीने सगळं कळतं असं मी म्हणत नाही. पण एका चांगल्या आकड्यावर विसंबून मी पुन्हा गप्प बसणार नाही.

आता दुसरं. बाबांची बारीक दातांची करवत तू आठ दिवस शोधतोयस. वहिनीवर खेकसलास, लाकूडवाल्याशी भांडलास, हातातलं कपाट अडलंय. करवत कुणी चोरलेली नाही. त्या दिवशी चहा न पिता निघताना मी ती पिशवीत घातली. माझ्याकडे आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. तिच्यावाचून तू दुसऱ्या कामालाही हात लावत नाहीस, हे मला माहीत होतं. वहिनी सांगते, तुझ्या बोटांवर आता एकही पट्टी नाही.

पुढच्या मंगळवारी चौदा दिवस होतात. सकाळी ये. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण बाही वर करून घाल. रक्त दे आणि करवत घेऊन जा.

बाबांना "दाढ असेल" म्हणालेली,
तुझी धाकटी