तुमची गाडी, माझं फाटक आणि मधला दीड हात

तीर्थस्वरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुमचं पत्र पोचलं. तुमचा रक्तदाब अक्षरावरूनच कळला, तेव्हा तब्येतीचं वेगळं विचारत नाही. ताईच्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करतो. इकडे मी, ही आणि तुमची गाडी असे तिघेही ठीक आहोत.

"गाडी परत करायची नसेल तर तोंडाने सांग, तुझे दोन दिवस तीन महिन्यांचे असतात का," असं तुम्ही लिहिलंत. दाजी, लागलं हो मनाला. लग्नात तुम्ही माझ्या बुटांना नावं ठेवलीत, दुकानाला टपरी म्हणालात, मी सगळं कानाआड केलं. पण चोर? ताईला दर मंगळवारी व्यायामाला भाड्याच्या गाडीने न्यावं लागतं, तेव्हा तुमचा संताप रास्तच आहे. पण तुमची गाडी मी ठेवून घेतलेली नाही, ती अडकली आहे. तुम्ही स्वतः इथल्याच पालिकेच्या बांधकाम खात्यात तीस वर्षं घासून निवृत्त झालात, तेव्हा माझं दुःख तुम्हाला नाही तर कुणाला कळणार?

तीन महिन्यांपूर्वी शुक्रवारी मी दोन दिवसांसाठी गाडी आणली, ती शाळेचं ते मोठं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून पोचवायला. शनिवारी सकाळी फाटक उघडतो तर समोर रस्ताच नाही. पालिकेने तो उचलून नेला होता. पाच आठवडे खणाखणी झाली आणि नवा रस्ता आला. आता खोटं कशाला बोलू, रस्ता देखणा आहे. फक्त तो फाटकापेक्षा दीड फूट खाली आहे. (पोस्टमन हल्ली पत्र खालून वर देतो, देवाला फूल वाहावं तसं.) ठेकेदाराने प्रत्येक घराला सिमेंटचा उतार करून दिला, तोही चांगला. पण तो नकाशातल्या हद्दीपाशी संपतो आणि आमचं फाटक तिथून दीड हात आत. मधे गुडघाभर चर. माणूस उडी मारून जातो, गाडीला उडी येत नाही. गल्लीतल्या अकराही घरांची हीच गत.

तुम्ही म्हणाल, मेल्या, चार घमेली सिमेंट ओत आणि मोकळा हो. तेच तर! ओतायचं कुणी आणि भरायचं कुणी? गल्लीची सभा झाली आणि कुणीही पदरचं काही घालायचं नाही असं ठरलं. भाषण मीच केलं. चांगलं झालं म्हणतात. (ही म्हणते, लांबलं.) मग मी पालिकेत गेलो. तिथल्या साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. त्यांनी कारकुनाला बोलावलं, कारकुनाने वीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक काढून ठणठणीत आवाजात वाचलं, की हद्द ते फाटक हा जोडभाग मिळकतधारकाने स्वखर्चाने करावा. माझं डोकंच फिरलं. ज्या महाभागाने हे वाक्य लिहिलं त्याची गाडी जन्मभर फाटकाच्या आत राहो, असं मी तिथे सर्वांदेखत म्हणालो. परिपत्रकाच्या नकलेसाठी अर्जही टाकून आलो.

जोडभाग माझा, तर माझा! मी चरात माती टाकून कोथिंबीर पेरली. मास्तरीणबाई शेजारून हसल्या. कोथिंबीर दोन बोटं वर येते न येते तोच अतिक्रमण खात्याची नोटीस आली, सार्वजनिक जागेत विनापरवाना लागवड केली म्हणून. दाजी, नोटीस वाचून इतका आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. जागा पालिकेची असल्याचं पालिकाच लिहून देत होती! मी ती घेऊन धावतच रस्ते खात्यात गेलो. साहेब म्हणाले, बरोबर आहे, जागा आमची दिसते, भरून देऊ. पण अतिक्रमण असलेल्या जागेवर आम्हाला काम करता येत नाही, आधी कोथिंबीर काढा. काढतो म्हणालो. तेव्हा कारकून हळूच म्हणाला, की काढलीत तर नोटीस निकाली निघेल, आणि निकाली नोटीस पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे कोथिंबीर काढली तर जागा माझी, ठेवली तर काम होत नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी पुराव्याला पाणी घालतो. मास्तरीणबाई विचारल्याशिवाय चार काड्या खुडून नेतात, पुरावा दिवसेंदिवस विरळ होतोय, आणि शेजारधर्मापायी मला बोलताही येत नाही.

अशी परिस्थिती आहे. यात माझा काडीचा दोष असेल तर येऊन कान धरा. ताईला नमस्कार.

तुमचा (चोर नसलेला) मेव्हणा

ता. क. : गाडीचा रोज सांभाळ करतो. मागच्या सीटवर मांजर व्यालंय, तीन पिल्लं आहेत. त्यांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलवू नये असं हिचं मत आहे. ते मी पालिकेला कळवलेलं नाही.

आणखी एक : पाकीट चिकटवणार तोच परिपत्रकाची नक्कल हातात पडली. वाक्य कारकुनाने वाचलं तेच आहे. खाली सही आहे. शेवटच्या अक्षराची शेपटी गोल फिरवून पुन्हा नावाखालून नेलेली ती सही मी दुसऱ्या कुठल्याही माणसाची पाहिलेली नाही. काल ती तुमच्या रागाच्या पत्राखाली पाहिली. दाजी, शाप मी दिला तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं, आणि तो देण्याआधीच फळलाय याला मी काय करू? आता एवढंच करा. 'हद्द ते फाटक' म्हणजे पालिकेने करायचं असंच आपल्याला म्हणायचं होतं, अशा दोन ओळी त्याच सहीने लिहून पाठवा. नाही जमलं तर रविवारी दोन जाड फळ्या घेऊन या. गाडी तुमची, नियम तुमचा, फळ्याही तुमच्याच होऊ द्यात, म्हणजे माझं भाषण खोटं पडणार नाही.

सहीचं मी ताईला सांगितलेलं नाही. अजून.