मेंदूसाठी चेंडू

तीर्थरूप आईला साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बाबांनी परवा तुलाच "आपण कोण?" विचारलं, हे तुझ्या पत्रात वाचलं.

आमच्या इस्त्रीखान्यात मालकांनी एक व्यायाम शिकवणाऱ्या बाई आणल्यात. कातडीखाली स्नायूंभोवती असतं ते जाळं आखडलं की मेंदू सुस्तावतो, म्हणे. म्हणून पाठीखाली चेंडू घेऊन लोळायचं आणि सावकाश श्वास सोडायचा. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, आधी ही वाफ बंद करा, मग श्वास शिकवा." त्या नुसत्या गोड हसल्या. असला पोरखेळ मी जन्मात पाहिला नव्हता.

तरी बाबांचं त्यांना विचारलंच. "रोज करून घ्या," म्हणाल्या. सगळ्या थापा.

चेंडू टपालाने पाठवलाय. कुणी पाठवला असं बाबांनी विचारलं, तर लगेच सांगू नकोस. थोडं आठवू दे त्यांना.

तुझा,
धाकटा