हळदीचं बोलावणं ग्रुपवर

३ एप्रिल
मीटिंगमध्ये साहेबांचं पुन्हा तेच. "ग्रुपवर ॲक्टिव्ह रहा यार, अपना परिवार है." परिवार! कंटेनर यार्डाच्या ऑफिसात आम्ही सगळे एका एसीखाली बसतो आणि 'सुप्रभात' मोबाईलवर घालतो. समोरासमोर मान वर करायला जड जातं. साहेब गेटपास, सील नंबर सगळं ग्रुपवरच टाकतात, खाली आम्ही अंगठे देतो. अंगठा म्हणजे पाहिलं. बास.
आईंचं (सासूबाईंचं) गुडघ्याचं तेल पुन्हा राहिलं.

७ एप्रिल
हे गेले तेव्हाची ग्रुपवरची पोस्ट आज मोबाईलने आपणहून वर काढली. 'आठवण' म्हणे. मेला मोबाईल. खाली जोडलेले हात, रडके चेहरे, 'भावपूर्ण'. प्रत्यक्षात घरी आली ती एकटी वनिता, शेजारच्या टेबलाची. (यापुढे व.) भाकऱ्या-पिठलं घेऊन आली, भांडी घासून गेली.
तिच्या पोरीचं, प्रियाचं, लग्न ठरलंय. डब्याच्या वेळी दुसरा विषय नाही. मला ऐकायला बरं वाटतं. खरंच वाटतं.

१६ एप्रिल
व. रजेवर, बोलावणी करत फिरतेय. हळदीचं बोलावणं आमच्याकडे दारात येऊन तोंडानेच करतात. आज आमच्या आळीत आली होती. शेजारच्या घरात चांगली बसली, चहा प्याली. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. निघताना हात केला, "घाईत हाय गं!" आमची पायरी चढली नाही.
घाई. बरं.

१७ एप्रिल
ग्रुपवर पत्रिका. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे टॅग, माझं नाव पहिलं. सवयीने अंगठा दिला आणि मग विचार करत बसले.
आईंना सांगितलं. "मोबायलवर काय, सगल्या गावाला बोलावतान. तोंडानं बोलावल्याबिगर हलदीला जायचा न्हाय. त्यात तू..." पुढचं गिळलं त्यांनी. मला ऐकू आलंच.
आणि त्यांचं चुकतं तरी कुठे? कुंकू नसलेली बाई न बोलावता हळदीत उभी राहिली की बायका कुजबुजणार. व.ला हे माहीत नाही? तिला सगळं माहीत असतं.

२२ एप्रिल
डब्याला बसलो. वाटलं, आता तरी म्हणेल, 'ये गं.' साड्यांचे फोटो दाखवत राहिली. मी 'छान, छान' करत राहिले. विचारायला जीभ रेटेना. घरी येऊन भांडी आपटली. आई म्हणाल्या, भांड्यांनी काय घोडं मारलंय?

४ मे
आज हळद. गेले नाही. तिच्या गावचा डीजे आमच्या घरापर्यंत वाजतोय. ग्रुपवर फोटोंचा पाऊस. साहेब पिवळेजर्द होऊन नाचतायत. सगळे आहेत. मोबाईल उलटा ठेवला, परत सुलटा केला. लाज नाही मला.

९ मे
व. कामावर आली. सगळ्यांच्या टेबलांवर लाडू ठेवले, माझ्याही, पण माझ्याकडे न बघता. पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं तिला.
"माझ्या दारावरून गेलीस नि चढली नाहीस."
"तू आंगठा दिलेलास," ती फणकारली. "हलद कुटायला पयला हात तुझा लावायचा ठरवलेला मी. मुसलाला कुनाला हात लावू दिला न्हाय. बाया खोलंबल्या. तू आलीच न्हाईस."
माझा हात. पहिला. म्हटलं, अंगठा म्हणजे नुसतं पाहिलं गं. एकदा तोंडाने बोलवायचं होतंस.
"तोंडानं बोलावला असता तर तू 'न्हाय' बोलली असतीस. सासूसमोर, तिथल्या तिथं. ग्रुपवर सगल्यांदेखत नाव टाकला, तर तुला 'न्हाय' बोलता येनार न्हाय, असा वाटला मना."
साहेबांनी हाक मारली. गेली ती.

१० मे
खरंच थांबवल्या असतील बायका माझ्यासाठी? की हे फिल्टरपाशी सुचलं? 'विधवेला कशाला' म्हणणाऱ्या तिच्या जावांच्या धाकाने दार टाळलं असेल आणि आता सारवासारव चालली असेल. ग्रुपवर सगळ्यांनाच बोलावलं होतं तिने, त्यात मी एक.
पण दारात आली असती तर मी नाहीच म्हटलं असतं. ते तिने बरोबर ओळखलं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

१२ मे
दुपारी मेसेज. ग्रुपवर नाही, फक्त मला. 'प्रिया रविवारी माहेरी येते. ओटी तू भर. येशील?'
टेबलाला टेबल लागून. हात लांबवला तर तिच्या खांद्याला लागेल.
'येते' लिहिलं, पुसलं. येते म्हणावं तर तिची सगळी गोष्ट खरी मानल्यासारखं. नाही म्हणावं तर ती माझ्याबद्दल म्हणाली तेच खरं ठरतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मी लिहितेय हे तिच्या मोबाईलवर दिसत असणार. ती स्क्रीनकडे बघत बसली होती. मान काही वर केली नाही.