घोंगडीतला चंद्र

८ जाने., गुरु.
फुलंब्रीच्या पुढं झेडपी शाळेत प्रयोग झाला. दिवाळीपासून मी चंद्र आहे. दीपाली पृथ्वी, हॅलोजन म्हणजे सूर्य. मी तिच्याभोवती फिरतो, पोरं कला ओळखतात. अवस, अष्टमी, पुनव, परत अवस. डोकं गरगरतं. काळे मॅडमना (शिक्षणशास्त्र) बघायचंय, नाटकातून विज्ञान शिकवलं तर पोरांच्या डोक्यात नीट बसतं का. मोरे सर (नाट्यशास्त्र) म्हणतात बसणारच. विद्यापीठाचं संशोधन, त्यामुळं एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. सगळ्या शाळांत सारखंच. हेच मला जड जातं.

आज मुखवटा विसरलो. अर्धा पांढरा, अर्धा काळा आहे तो. फाट्यावर रसवंतीचं जुनं इंजिन बघत बसलो, पट्टा कसला आवाज करतो त्याचा... मुखवटा तिथंच बाकड्यावर राहिला. मॅडम नव्हत्या, मीटिंग. सर म्हणाले, आता तुझं तू बघ. प्रांजल म्हणून सातवीतली पोरगी, थंडीची घरून काळी घोंगडी घेऊन आलेली. तिची मागून घेतली. तोंडाला पावडर फासली. फिरता फिरता घोंगडी थोडी थोडी तोंडावर ओढली आणि सहज तोंडातून गेलं, "पृथ्वीबाई, सावली नका टाकू ओ, थंडी वाजती." पोरं लोळली. मास्तर पण. दिवाळीपासून एवढं हसू कुठंच नाही मिळालं. मलाही जरा बरं वाटलं.

१२ जाने., सोम.
गंगापूरकडं. दोन शाळा, एकाच दिवसात. मुखवटा पिशवीत होता, पण बाहेर काढलाच नाही. घोंगडीच चालवली. सरांनी तसलीच एक विकत आणलीय. "राहू दे ते, जिवंत वाटतं." काळे मॅडम पेपर तपासण्यात अडकल्यात, कळवू म्हणाले सर. कळवलं का माहीत नाही.

येताना जीपमध्ये मांडीवर कोणाचं तरी बोचकं, त्यात कोंबडी. पाय आखडले. अस्लमचा फोन. तो ऑर्केस्ट्राचे लाईट बघतो, गोव्यात सीझनचं काम लागलंय म्हणे. "ए चंदामामा, कब तक गोल घूमेंगा रे? चल उधर." सांगतो म्हणालो.

१९ जाने., सोम.
काही नाही. खोलीवर झोपून. बासरी घेतली होती मागं, तिच्यात मुंग्या झाल्यात.

२६ जाने., सोम.
फुलंब्रीकडच्या त्याच शाळेत झेंडावंदन, मग गॅदरिंग. मास्तरांनी मॅडमना पाहुण्या म्हणून बोलावलं. आम्ही पण गेलो. मास्तर म्हणाले, पोरांनी तुमचं नाटक स्वतःच बसवलंय, सरप्राईज.

प्रांजल चंद्र. तीच घोंगडी. माझ्यापेक्षा भारी करते, खोटं कशाला बोलू. कोपर वर धरून घोंगडी अशी सरकवते की खरंच चंद्र झिजतोय वाटावं. मग तिचं ते, "पृथ्वीबाई, सावली नका टाकू ओ." सगळं गाव बसलेलं समोर. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. सरपंचानं शिट्टी मारली.

मी मॅडमकडं बघितलं. टाळी वाजवता वाजवता त्यांचे हात थांबले.

नंतर त्यांनी प्रांजलला जवळ घेऊन विचारलं, चंद्र कमी कमी का होतो गं? ती लगेच, "पृथ्वीची सावली पडती ना त्याच्यावर." आईबापाकडं वळून बघितलं तिनं, बरोबर उत्तर दिल्यासारखं.



२७ जाने., मंगळ.
विभागात मॅडम-सर. मी दाराशी.
सर म्हणाले, लोक हसले मॅडम, म्हणजे पोचलं.
मॅडम म्हणाल्या, "पोचलं, तेच तर दुखणं आहे. आता ते काढायचं कसं?"
सरांना एवढं वाटत नाही. सातवीतली पोरं आहेत, पुढं पुस्तकात येईलच म्हणाले. मॅडम म्हणाल्या, जे हसत हसत शिकलं ते पुस्तकानं निघत नाही. सर मग चहा सांगायला गेले ते आलेच नाहीत.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तुला काय वाटतं रे, चंद्र कमी का होतो?"
मी म्हणालो, पृथ्वीची सावली.
मॅडमनी खुर्ची माझ्याकडं वळवली. म्हणाल्या, मग मुखवट्याची काळी बाजू कशाची? मी म्हणालो, सावलीचीच की. मला वाटायचं घोंगडी न् मुखवटा एकच, घोंगडीला हसू जास्त येतं एवढाच फरक. त्या हसल्या, पण दमून. "इतक्या शाळांत पोरांना तपासलं. चंद्रालाच विचारायचं राहिलं."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. सावली पडते ती फक्त ग्रहणाला. एरवी अर्धा चंद्र कायम उजेडातच असतो, आपण कुठून बघतो तसा कमीजास्त दिसतो. मी मान हलवली. कळलं असं वाटलं, जिना उतरेपर्यंत टिकलं.

३१ जाने., शनि.
अस्लम शुक्रवारी निघतोय. माझी पण सीट धरलीय म्हणाला. हो म्हणालो.
ती पोरगी डोक्यातून जात नाही. आईबापाकडं वळून बघितलं ते.

४ फेब्रु., बुध.
फुलंब्रीकडच्या शाळेत परत गेलो. मुखवटा, मूळ संहिता, शब्दाला शब्द. एकही पोरगं हसलं नाही. मधेच मागून आवाज, "घोंगडी कुठंय?" संपल्यावर प्रांजल आली. "सर, तवाचं लई भारी व्हतं. ह्ये काय मजा नाय." मॅडमनी तेच विचारलं. तेच उत्तर. पृथ्वीची सावली.

नाटकानं घातलेलं नाटकानं निघेना. मॅडम पायरीवर बसल्या, चपला काढून. म्हणाल्या, शनिवारी सकाळची शाळा असते ना? नाटक नको. तू नुसता ये. मी शुक्रवारचं बोललो नाही.

६ फेब्रु., शुक्र.
अस्लम गेला. स्टँडवर गेलो होतो पिशवी घेऊन. पाणी आणतो म्हणून उतरलो. मग गाडी हलली आणि मी बाटली धरून उभा. तो खिडकीतून काय ते ओरडला, चांगलं नसणार.

७ फेब्रु., शनि.
पहाटेची एसटी. मॅडमना ताप, तरी आल्या. मैदानात ऊन तिरपं. मॅडमनी सगळ्यांना पश्चिमेकडं तोंड करायला लावलं. पडक्या पाण्याच्या टाकीवर चंद्र. पाऊण. दिवसाढवळ्या. पोरं म्हणाली, आयला.

मॅडम म्हणाल्या, खिशात बोरं आहेत ना? एक घ्या. हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरा. एक डोळा मिटा.

मी पण धरलं. बोराला ऊन लागलेलं, पाऊण भाग उजेडात, उरलेला अंधारा. चंद्र शेजारी, तेवढाच, त्याच बाजूनं. हुबेहूब. दिवाळीपासून चंद्र होतो मी.

प्रांजलनं हात हलवून बघितला. बोर थोडं इकडं, थोडं तिकडं. मग मागं वळून सूर्याकडं बघितलं, परत बोराकडं.
"सर, बोरावर पृथ्वीची सावली कुठंय?"
नाही म्हणालो.
"मग ही काळी बाजू?"
"त्याची त्यालाच."
ती हसली नाही. बोर खाऊन टाकलं, बी थुंकली. "मग अवसेला वो? अवसेला कसं दावणार बोर?"

मॅडमकडं बघितलं तर त्या टाकीच्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. म्हणालो, बघू, अवसेला येतो.
"खरं येता का तसंच म्हणता?"

फाट्यावर बसलोय आता. गंगापूरकडच्या दोन शाळा अजून तशाच आहेत, तिथली पोरं घोंगडी ओढत असतील. अस्लमचा मेसेज आहे, अजून जागा आहे म्हणे. रसवंतीचं इंजिन आज बंद. चंद्र अजून दिसतोय, फिका पडलाय. खिशात एक बोर उरलंय.