गोदीतला देखणा हमाल

शुक्रवार, ५ सप्टेंबर

घात झाला! सूनबाईने, वृषालीने, भिंतीवरचा बाबांचा फोटो मोबाईलवर टाकला. पुण्याच्या कुणी वैजयंतीबाई आहेत — जुन्या रेल्वे कंपन्यांची जाहिरातीची पुस्तकं जमवतात. त्यांचं लगेच उत्तर — हे छापील पान आहे. कंपनीच्या मालकीची गोदी होती, तिची वाहवा करायला काढलेल्या पुस्तकातलं. मंगळवारी बघायला येतायत!

छापील आहे हे मला ठाऊक आहे. बाबा त्याच गोदीत हमाल. ते वारले तेव्हा मी दोन वर्षांचा. फोटो एकही नाही. आईने ते पान दाखवलं — हा तुझा बा. पिळदार मिशा, पाठीवर कापसाची गाठ आणि चेहरा हसरा! गाठ घेऊन हसतं का कुणी? ही शंका मी सत्तर वर्षं गिळून बसलोय.

शनिवार, ६

गुरुवारी बाबांचं पित्र. हा भलताच निघाला तर? सत्तर वर्षं आमच्या घरची खीर कुणाचा बाप खातोय?

रविवार, ७

फोटो उतरवून ट्रंकेत दडवला. बायको, सरूबाई, म्हणाली, "आवो, बापाला अटक केली का?" परत लावला.

मंगळवार, ९

बाई आल्या. शेजारचा हौशीराम न बोलावता पुढ्यात येऊन बसला. निरगुडसर गावभर सांगायला त्याला काहीतरी हवंच असतं.

"आजोबा, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "पुढचा माणूस कंपनीच्या जाहिरात खात्यातला कारकून आहे. कंपनीचं पत्रच सापडलंय. हमाल दिसायला बरे नाहीत, म्हणून याला फेटा बांधून पुढे उभा केला. गाठीत नुसता पेंढा. मागचे धुरकट दिसतात ते खरे हमाल."

हौशीराम गुडघ्यावर थाप मारून मला म्हणाला, "भगवंता, आरं तुझा बा सायेब निघाला की! आता खुर्ची टाक त्याला!"

मला तोंड लपवायला जागा नाही. आणि सरूबाई? शांतपणे चहा गाळतेय!

बुधवार, १०

खोदून विचारलं. म्हणाली, "मला म्हायती व्हतं. आत्याबाईंनी लग्नाच्या सालीच सांगितलं."

"म्हणजे माझ्या आईला ठाऊक होतं?"

"तर! तुमचा बा मागं, डाव्या कडंला हाय. पन तोंड वाकडं. आत्याबाई म्हनल्या, पोराला देखणा बा दाखवावा. त्याला कुठं कळतंय!"

पन्नास वर्षं दोघींनी मला वेड्यात काढलं. उद्या खीर कुणाच्या नावाने ठेवू?

गुरुवार, ११

सकाळी हार काढून भिंग लावलं. सत्तर वर्षं आमचा हार नेमका डाव्या कडेवरच लोंबत होता. तोंड वाकडं नाही! बाबा जीभ काढून फोटोवाल्याला वेडावतायत — आणि कंपनीने ते तसंच छापलंय! खीर त्यांनाच वाढली. दोन वाट्या.