डाव्या हातावर दहा दिवस

प्रिय चिमणे,

तुझं पत्र दोन आठवड्यांपूर्वीच मिळालं. माझ्या हातांवर पुरळ उठलं म्हणून येत्या सोमवारच्या बैठकीत तू कंपनीसाठी बनवलेलं तुझं पहिलंवहिलं क्रीम स्वतःहून मागे घेणार, हे वाचून ताट बाजूला सारलं. तुझा संशय त्यातल्या सेटिअरेथवर. नाव दहादा घोकलं, तेव्हा कुठे जिभेवर बसलं!

मी मॅट्रिक असले तरी चौकस. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. तो सांगतो, तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हा मेणासारखा पदार्थ एक हात तेलाला देतो, एक पाण्याला, म्हणून क्रीम एकजीव राहतं. म्हणजे सासर-माहेर दोन्ही सांभाळणारी सूनच की! विषारी आहे का, विचारलं तर म्हणाला, "काकू, बनवताना घातक वायू लागतो. डायऑक्सेन नावाचा नको तो अंश मागे राहू शकतो, तो काढून टाकून तपासावा लागतो. लेकीला विचारा ना, माझी कसली उलटतपासणी घेताय!" सोललेल्या कातडीवर लावू नका, हेही बजावलं.

तुझे बाबा म्हणाले, "आता स्वयंपाकघरात प्रयोगशाळा काढ." काढली. तू पाठवलेली दुसरी डबी सीलबंद होती. ती उघडून रोज प्रार्थना झाली की डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला लावलं. उजवा कोरा ठेवला. बाबा चष्मा लावून पंचासारखे दोन्ही हात निरखायचे. दहा दिवसांत खाज नाही, लाली नाही. माझा एक हात म्हणजे सगळं जग नव्हे, तुझ्या तपासण्या तू करच.

पण पहिल्या डबीचं आता लिहितेच. ती निम्मी झाल्यावर पुरवठ्याला यावी म्हणून मी तीत नळाचं पाणी घालून फेटलं, शाम्पूच्या बाटलीत घालते तसं. आठवड्याने आंबूस वास आला, तरी टाकवेना, लावत राहिले. पुरळ त्यानंतरचं. औषधवाल्याने कपाळाला हात लावला. क्रीम टिकवणारं औषध पाण्याने पातळ झालं, जंतूंना रान मोकळं! तुला मात्र मी एवढंच कळवलं, की तुझ्या क्रीमने अंगावर उठलं.

देवापुढे चूक कबूल करून झाली. पण ते सोपं. देव काही सोमवारच्या बैठकीला येत नाही. म्हणून हे पत्र. माझ्यापायी क्रीम मागे घेऊ नकोस. साहेबांसमोर आईचं नाव घ्यायला जीभ अडखळली, तर हाच कागद त्यांच्या टेबलावर ठेव.

तुझीच, पाणी घालणारी,
आई