निळ्या फितीची कालवं

प्रिय तेनिंगताई,

हे सगळं फोनवर विचारलं असतं, तर तू नेहमीसारखी हसली असतीस आणि "थांब हं, पोरांशी बोल" म्हणत फोन दुसऱ्याच्या हातात दिला असतास. म्हणून पत्र लिहितेय.

मला शिंपल्यांच्या विभागाची प्रमुख केल्याचं तुला कळलंच असेल; आपल्या बेटावर बातमी होडीच्या आधी पोहोचते. आमच्या ऑफिसातला अंसू बाजी, जातीचा दिओला, म्हणजे आम्हा सेरेरांची थट्टा करायचा त्याला जन्मसिद्ध हक्क. तो सगळ्या डाकारभर सांगत सुटलाय, "सेरेर बाईला खुर्ची दिलीत? आता ती भाताबरोबर खुर्चीसुद्धा खाईल!" मीही हसले. पण ताई, ही खुर्ची मला आपल्या खाडीमुळे मिळाली, आणि तिथेच माझं मन खातंय.

पाऊस घटला, पाणी तापलं, खाड्यांत मीठ वर चढलं. सगळीकडे कालवं खारफुटीच्या मुळांवरच तोंड उघडून मरतायत. फक्त आपल्या खाडीत, मी मोजणीसाठी निळी फीत बांधलेल्या मुळांवर, ती गच्च आणि गुबगुबीत. इतकी वर्षं मी तेच लिहीत आले, की या खाडीचं कालव उष्णता सोसतं. आता माझ्या शब्दावर गावोगावच्या बायका येत्या हंगामात हाताशी असलेलं कालवांचं सगळं बी तापल्या खाड्यांत लावणार आहेत. माझं चुकलं, तर ते सगळं मरेल आणि त्यांच्या चुली विझतील.

आता गेल्या महिन्यातलं आठव. पहिल्यांदाच मी न कळवता आले. होडी ओहोटीच्या वेळी खाडीवरून आली. फीत जागेवर होती, पण मुळं उघडी, काळी. मेलेले पांढरे शिंपले तेवढे चिकटलेले. घरी पोहोचले तर तुझा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, कळवायचं तरी!" खाडीवर जाऊ म्हटलं तर म्हणालीस, "आज भरतीचं काही खरं नाही." भरतीचं खरंखोटं तू मला सांगावंस? दुसऱ्या दिवशी तुझी कंबर धरली होती. तरी धरलेली कंबर घेऊन तू उजाडताच बायकांबरोबर होडीत बसलीस, हे मी पडवीतून पाहिलं. परतलात तेव्हा टोपल्या रिकाम्या, पाय चिखलाने बरबटलेले, आणि सगळ्याजणी उगाचच खूश. मग म्हणालीस, "चल आता, बघ तुझी कालवं." मुळं भरलेली! मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू बगळ्याकडे पाहात होतीस.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. आई म्हणायची, दुधात माशी नसेल तर ही का नाही म्हणून विचारेल. मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी वाटलं, चोरी होतेय. मग वाटलं, माझं हसं व्हावं म्हणून अंसूनं तुम्हाला फितवलंय. तू माझ्या फितीतली कालवं परस्पर विकतेस, असंही मनात आलं. आलं ते आलं, लपवत नाही. चार कालवं आणून प्रयोगशाळेत कापली. ज्या पाण्यात कालव वाढतं, त्याची खूण शिंपल्याच्या थराथरात राहते. ही वाढली होती थंड पाण्यात, पार समुद्राच्या तोंडाशी. तिथून उलट्या प्रवाहात वल्ही मारत कोण आणणार, आणि कशासाठी?

परवा ऑफिसात आम्ही सगळे एकाच परातीतून जेवत होतो. अंसूनं खिडकीबाहेर बघत माशाचा चांगला तुकडा बोटानं माझ्या बाजूला सरकवला. मला आपल्या बायकांची रीत आठवली. खाडीवरून परतताना जिची टोपली उणी, तिच्या टोपलीत बाकीच्याजणी मुकाट्यानं मूठमूठ टाकतात. तिनं बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही, विचारणं म्हणजे तर तोंडावर थुंकणं. ताई, तुम्ही माझी टोपली भरत होतात! शिकून आलेली आपली पोर मोठ्या लोकांपुढे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून. मला इतका राग आला की मी जिन्यात जाऊन रडले. राग तुमचा होता की माझा, ते अजून कळत नाही.

पुढच्या आठवड्यात गावोगावच्या बायका इथे येतील. त्यांच्यापुढे उभी राहून मी सांगणार आहे, की माझं चुकलं, बी लावू नका. खुर्ची गेली तर गेली. पण त्या विचारतील, मग तापल्या खाडीत कालव जगतं तरी किती दिवस? ते मला माहीत नाही, तुला आहे. मी मोजून गेले की मागे ती मरायची, म्हणून तर दर वेळी नवी आणावी लागायची. जे विचारायचं नसतं, ते विचारतेय. पुन्हा भरायला किती दिवसांनी जावं लागायचं? हल्ली लवकर लवकर जावं लागतं का? "छे गं, काहीतरीच" असं लिहू नकोस, माझा विश्वास बसणार नाही. लिही, आणि जमलं तर स्वतः ये, माझ्या शेजारी उभी राहून सांग.

तुझीच, अजून तुझ्यावर थोडी रागावलेली,
यांदे